गणितातले दोन भाऊ

गोजरबाईला पहिला संशय आला तो पिठावरून.

सून भाकरी थापायला बसली की आधी काठवटीतलं पीठ तळहातानं सारखं करायची, त्यावर बोटानं भराभर काहीतरी लिहायची आणि कुणाची चाहूल लागली की पंजा फिरवून पुसून टाकायची. बँकेची परीक्षा द्यायची म्हणून पुष्पावतीचं सगळंच तऱ्हेवाईक चाललं होतं. दळताना पाढे, सारवताना इंग्रजी, हे सगळं घरानं सोसलं होतं. बँका सरकारनं ताब्यात घेतल्या तशी शेवगावातही नवी शाखा उघडली आणि राधाकृष्णाच्या मनानं घेतलं की आपली मॅट्रिक झालेली बायको तिथं खुर्चीवर बसणार. बसू दे बापडी. पण लिहायचं तर लिहायचं, पुसायचं कशाला? पोटात पाप नसेल तर माणूस पुसापुशी करत नाही, असं गोजरबाईचं मत होतं, आणि तिच्या मताला बोडख्यांच्या घरात वजन होतं.

तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. गुरुवारी ती डोईवरचा हंडा उतरवून स्वैपाकघरात आली, तेव्हा पुष्पावतीचा पंजा जरा उशिरा फिरला. पिठात बावीस लिहिलेले होते.

या घरात बावीस कशाचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बावीस एकर जमीन, त्यात एक विहीर, आणि कसणारे दोन दीर.

"काय लिवतीस गं?"

"काही नाही, मोठ्या आत्याबाई. गणित."

"पिठावर?"

"पाटी घेऊन बसले तर भाकरी करपेल."

उत्तर अगदी सरळ होतं. गोजरबाईला सरळ उत्तरांचा पहिल्यापासून वहीम यायचा. दीर आप्पासाहेबांनी आपल्या राधाकृष्णासाठी ही सून श्रीरामपूरहून केली तेव्हाच ती म्हणाली होती, शहरातली पोरगी हाय, गोड बोलंल आन घर घेऊन जाईल. त्या वेळी सगळे हसले होते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती बाजरी काढायला धान्याच्या खोलीत गेली. शेजारची खोली राधाकृष्णाची, मधे भिंत म्हणून नुसता कूड. पलीकडं नवरा-बायको बोलत होते. गोजरबाईनं कान दिला असं म्हणणं बरोबर नाही, कान तिथंच होते. फक्त कणगीत घातलेलं माप तिनं आवाज न करता तसंच धरून ठेवलं.

"बावीस एकर," राधाकृष्ण सांगत होता. "दोघे भाऊ वेगळे निघाले. विहीर थोरल्याच्या वाट्याला गेली, म्हणून धाकट्याला दोन एकर जादा. बोल, कुणाला किती?"

जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पुष्पावती म्हणाली, "थोरल्याला दहा, धाकट्याला बारा."

"शाब्बास! हे पक्कं डोक्यात ठेव."

गोजरबाई माप तसंच कणगीत सोडून बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. घर फुटणार याचं दुःख होतंच, पण त्याहून एक बारीक काटा आत गेला होता. थोरला म्हणे विहीर घेणार. या घरातला थोरला कोण? थोरले होते ते कारभारी, तिचे मालक, जाऊन बारा वर्षं झाली. आप्पासाहेब मधले, सहादेव धाकटे. कुडापलीकडच्या वाटणीत मधला थोरला झाला होता, धाकटा धाकटाच राहिला होता, आणि ती स्वतः कुठंच नव्हती.

तिला मूलबाळ नव्हतं. राधाकृष्णाची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा ते रक्ताचं लालबुंद गाठोडं सुइणीनं गोजरबाईच्याच ओटीत घातलं. तिनं त्याला शेळीच्या दुधावर वाढवला, अंगाखांद्यावर खेळवला. तो तिला मोठी आई म्हणायचा आणि सख्खी कशी असते हे त्याला माहीतच नव्हतं. घर एक होतं तोवर कमरेला किल्ल्या लावून हिंडणारी ती थोरली होती. घर फुटलं की ती कोण, हे समजायला तिला लांब जावं लागत नव्हतं. गल्लीच्या टोकाला छबूबाई राहत होती, तीही अशीच बिनमुलाची. दिरांनी वाटण्या केल्या आणि तिला महिना-महिना वाटून घेतली. महिना एकतीस दिवसांचा आला की शेवटच्या दिवशी म्हातारीनं कुणाकडं जेवायचं यावर दोघे भाऊ भर रस्त्यात भांडत, आणि छबूबाई आपली ताटली काखेत धरून मधे उभी असे.

ती ताटली गोजरबाईला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

शनिवारी कारभारींचं पित्तर होतं. त्यात रविवारी पुष्पावतीची परीक्षा. पहाटेच्या एस.टी.नं नवरा-बायको नगरला निघणार होते. घरात वड्यांचं तळण, खिरीचा वास, अळूच्या पानांचा ढीग, आणि त्या गडबडीत सून कढी ढवळता ढवळता कुठल्या देशाची राजधानी कुठली ते पुटपुटत होती. गोजरबाईनं धाकट्या जावेला गोठ्याच्या बाजूला ओढली. एरवी या दोघींचं एकमेकींवाचून काही अडत नसे आणि एकमेकींशी पटतही नसे. पण संकट आलं की माणूस जवळ असेल त्याचा हात धरतो.

"कडू, घर चाल्लं बघ."

"कुटं?"

गोजरबाईनं ऐकलेलं सगळं सांगितलं. कडूबाईनं पदर तोंडाला लावला, तिचे डोळे मोठे झाले. पण ती पहिली बोलली ते भलतंच.

"बारा? आमाला बारा म्हनाली?"

"आगं, घर फुटतंय, आन तू एकर मोजतीस?"

"न्हाई, तसं न्हाई आक्का. पर हीर त्यास्नी कशापायी? बिनपान्याचे बारा एकर घिऊन आमी काय खडं राखायचं? मला वाटलंच हुतं! ही नोकरीचं सोंग उगं न्हाई. हिचा पगार सुरू झाला की शेवगावला बिऱ्हाड, मागनं सासरा, आन हीर बसली त्यांच्या पदरात. आप्पांचा पाठिंबा असल्याबिगर का पोरगं असं बोलंल?"

आप्पांचा पाठिंबा हे गोजरबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते कडूबाईच्या आलं, आणि तासाभरात सहादेवाच्या कानात गेलं.

दुपारी पानं वाढली. कावळ्याचा घास कौलावर ठेवला, तर वाट बघायला न लावता कावळा आला. कारभारी जितेपणीसुद्धा ताटावर कुणासाठी थांबायचे नाहीत. पुरुषांची पंगत बसली. आप्पासाहेब मधोमध, उजवीकडं सहादेव, समोर राधाकृष्ण. बायका वाढत होत्या. सहादेव मान खाली घालून जेवत होता. एरवी त्याच्या तोंडाला खळ नसे, म्हणून ते आप्पासाहेबांनाही खुपायला लागलं.

"का रं सहादेव, वडं कच्चं ऱ्हायल्यात का?"

सहादेवानं हातातला वडा ताटात ठेवला. "आप्पा, एक इचारू? माझे बारा एकर कंच्या अंगाचे देनार हाईस? वढ्याकडचे का माळाचे?"

"कसले बारा एकर?"

"व्हय, आता कसले! हीर तुला, दोन एकर जादा मला. लेकानं आन सुनंनं हिशेब करून ठेवलाय. दादाच्या पित्तराला तरी खरं बोल. भाऊ भाऊ म्हनून पाठीवर हात फिरवायचा, आन आतनं मोजनी करायची?"

"कोन म्हनलं तुला ह्ये?"

सहादेवानं कडूबाईकडं पाहिलं. कडूबाईनं गोजरबाईकडं पाहिलं. गोजरबाईनं हातातलं भाताचं भांडं खाली ठेवलं. लपवायचं तिला माहीत नव्हतं.

"म्या ऐकलं. कुडाआडनं. राधा, तूच बोलत हुतास. बावीस एकर, दोगं भाऊ, थोरल्याला दहा, धाकट्याला बारा. न्हाई म्हन."

राधाकृष्ण आधी गोंधळला, मग त्याचा चेहरा उजळला आणि तो मोठमोठ्यानं हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. आप्पासाहेबांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला तो रागानंच.

"अहो, ते परीक्षेचं गणित!" त्याला कसंबसं बोलता आलं. "भागीदारीची गणितं असतात. पुस्तकातले भागीदार कापडाचा धंदा करतात आणि त्यांना नावंसुद्धा नाहीत, नुसती इंग्रजी अक्षरं. हिला काही केल्या जमेना. कुणी किती घातलं, कुणी कधी अंग काढलं, हिच्या डोळ्यांपुढं काही उभंच राहीना. मग मी म्हटलं, धंदा सोड, आपलीच जमीन धर, आपलीच विहीर धर. तेव्हापासून फटाफट सुटतात."

सहादेवानं मांडीवर थाप मारली. "आयला! म्हंजे ह्ये समदं बँकवाल्यांसाठी व्हय?"

"मग! उद्या असलं आलं तर ही लिहिणार."

"मी म्हनलंच हुतं आक्काला," कडूबाई लगेच पुढं झाली, "पोरांच्या मनात काय बी न्हाई म्हनून. पर यांना कुडातनं काय बी ऐकू येतं." आणि तिनं आप्पासाहेबांच्या पानात न मागता दोन वडे टाकले. आप्पासाहेबांच्या कपाळावरच्या आठ्या मोडल्या. पंगत पुन्हा सुरू झाली, चेष्टा सुरू झाली. वहिनींना आता बँकेतच राखणीला ठेवू, असं सहादेव म्हणाला आणि सगळे पुन्हा हसले.

गोजरबाईलाही हसू आलं. खरंच आलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, आपल्या वहिमी स्वभावाची लाजही वाटली. भाताचं भांडं उचलून ती दोन पावलं चालली. आणि मग तो काटा, जो दगडाखाली दबून गेला होता, पुन्हा टोचला.

"राधा," ती म्हणाली, "त्ये गनित आजूक एकदा घाल बरं. मला धरून."

राधाकृष्णाचा हात खिरीच्या वाटीत थांबला. "काय मोठे आई! ते नुसतं गणित होतं गं."

"म्हनून तर म्हनते. तोंडावर मानूस कायबी बोलतं. गनित करताना कोन खोटं बोलतंय? तुज्या गनितात घर आपलं, रान आपलं, हीर आपली. मग भाऊ दोनच कसं? तीन हुते की. ज्यांचं पित्तर जेवताय त्ये कुटं गेले?"

"वहिनी, आता काय ह्ये," सहादेव समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमाला वाटा कशाला लागतोय? तुमी काय परक्या हाय का? तुमी आमच्यातच."

"तुमच्यातच हाय रं बाबा. म्हनून तर मोजताना दिसत न्हाई."

आप्पासाहेब ताटाकडं बघत राहिले. आणि स्वैपाकघराच्या दारातून, खिरीचं पातेलं कडेवर लेकरू घ्यावं तसं धरून उभी असलेली पुष्पावती म्हणाली,

"सहा, आठ आणि आठ."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"विहीर ज्याच्याकडं त्याला सहा. बाकीच्या दोघांना आठ-आठ."

गोजरबाई सुनेकडं बघत राहिली. संशय ही तिची जुनी सवय होती, आणि सवय वेळ बघत नाही. काल कुडापलीकडं दोघांचं गणित सोडवायला हिला जरा वेळ लागला होता. आज तिघांचं तोंडातून गोफणीच्या खड्यासारखं सुटलं.

"लई चटकन् आलं गं?"

"आधी केलेलं होतं."

"कवा?"

"पुष्पा, खीर वाढ," राधाकृष्ण म्हणाला. त्याचा आवाज आता हसरा नव्हता.

पुष्पावतीनं खीर वाढली नाही. पातेलं तिनं खाली ठेवलं. "पहिल्यांदा मी तिघांचंच केलं होतं, आत्याबाई. आपलं घर धर म्हटल्यावर मी घर धरलं. तर हे म्हणाले, मोठ्या आईला धरू नको, दोनच धर. तिचं काय, तिला कुठं काय लागतंय. मला ते पटेना. म्हणून पिठावर मी तिघांचंच करत होते. ह्यांना कळू नये म्हणून पुसत होते."

"सोपं जावं म्हणून म्हटलं मी!" राधाकृष्ण ओरडला.

"तिघांचं मला सुटलं होतं," पुष्पावती म्हणाली.

गोजरबाईनं राधाकृष्णाकडं पाहिलं. त्यानं मान वर करून एकदा, नुसतं एकदा तिच्याकडं बघावं म्हणून ती थांबली. तो विसरला असता तर तिनं माफ केलं असतं. लेकरं विसरतात. पण त्यानं तिला आठवून, नावानिशी धरून बाजूला काढलं होतं, आणि तेही बायकोला शिकवताना, सहज, पुढं कधीतरी लागणारच आहे अशा थाटात. सून घर घेऊन जाईल म्हणून दोन वर्षं ती या पोरीवर डोळा ठेवून होती. डोळा चुकीच्या माणसावर होता. भिंतीला हात लावून ती उभी राहिली.

आप्पासाहेबांनी ताटातच हात धुतला. "बास झालं. उद्या कुनी नगरला जायचं न्हाई. परीक्षा न्हाई आन नोकरी बी न्हाई. शिकवून शानी केली तर भर पंगतीत नवऱ्याची अब्रू काढाय लागली."

पुष्पावतीचा चेहरा एकदम उतरला. वर्षभराचं दळणातलं पाठांतर, जागून केलेलं इंग्रजी, सगळं त्या एका वाक्यात गेलं होतं. कडूबाईनं हळूच मान डोलावली. आजच्या दिवसात तिनं घेतलेली ती तिसरी बाजू.

"जाईल," गोजरबाई म्हणाली. "म्या घिऊन जाते."

"वहिनी, ह्ये पुरुषांनी ठरवायचं हाय."

"ठरवा की. मग बसलाच हाय तर आजूक एक ठरवा. माजे आठ एकर कंच्या अंगाला? आप्पा, हीर तुज्याकडं आसंल तर तुला सहाच येत्यात बरं का. आत्ताच ऐकलंस."

सहादेव मनातल्या मनात बारातून चार वजा करत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. दोघे भाऊ, जे अर्ध्या तासापूर्वी एकमेकांच्या उरावर बसायला निघाले होते, आता एकमेकांकडं आधारासाठी बघत होते.

"का ऱ्हाऊ दे आजच्या दिस?" गोजरबाई म्हणाली. "पोरगी नगरला जानार आसंल तर आज म्या ह्यो इषय काढत न्हाई. आज."

आप्पासाहेब उठता उठता, कुणाकडंही न बघता म्हणाले, "गाडी पहाटंची हाय. उटायला उशीर करू नगा."

पहाटे फाट्यावर राधाकृष्ण पिशवी घेऊन पुढं आला. रात्रभर त्याला झोप नसावी. पुष्पावतीशी तो बोलला नाही, गोजरबाईच्या मात्र जवळ येऊन उभा राहिला.

"मोठे आई, मी येतो की. तुला नगरची काय माहिती?"

"तू सव्वा महिन्याचा हुतास," गोजरबाई म्हणाली, "ताप उतरंना म्हनून तुला छातीशी धरून येकलीच नगरच्या दवाखान्यात गेल्ते. तवा कुटं म्हाईती हुती मला?"

त्यानं खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. तिचा हात सवयीनं त्याच्या डोक्याकडं गेला आणि मधेच थांबला. ज्याचा ताप तिनं रात्रीच्या रात्री तळहातावर मोजला होता, त्याला आशीर्वाद द्यायला हात का उठेना, हे तिचं तिलाच कळेना. बस आली. पिशवी तिनं स्वतः वर घेतली.

बस चालू झाल्यावर पुष्पावती पाठांतर करायला लागली आणि थोड्या वेळानं आपोआप थांबली. गोजरबाई खिडकीबाहेर बघत होती. तिनं डोळे पुसले नाहीत, पुसले असते तर सुनेला कळलं असतं. गाव मागं पडल्यावर तिनं एकदम विचारलं,

"तू का सांगितलंस? नवऱ्याच्या इरुद्ध जाऊन? तुला त्यात काय मिळनार?"

इतकं होऊनही तिचा वहीम गेला नव्हता. पुष्पावतीनं तिच्याकडं सरळ पाहिलं.

"ज्यांनी वाढवलं त्यांना ते धरत नाहीत, आत्याबाई. मी तर काल आलेली. उद्या मला धरतील कशावरून?"

पोरगी आपलं बघत होती. मायेनं केलं, पुण्य म्हणून केलं असं म्हणाली असती तर गोजरबाईनं मुळीच विश्वास ठेवला नसता. हे कारण मात्र तिला पटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच या पोरीचं सरळ उत्तर तिला सरळ वाटलं.

"मग तुम्ही मागणार वाटा?" पुष्पावतीनं हळूच विचारलं. "आज काढणार नाही म्हणालात."

"आज न्हाईच काढनार. तू आदी पास हो," गोजरबाई म्हणाली. "मागायला बसंन तवा माज्या बाजूला हिशेब येनारं येक मानूस पायजे."